कोरी बाटली

चिखली, १२ जानेवारी २०२६

दादा,

जयभीम. तुझा फोन माझ्या नंबरवरून लागत नाही, म्हणून बाबांकडून बोईसरच्या खोलीचा पत्ता घेतला. हे पाकीट तू फोडशील की नाही, मला माहीत नाही. फोडलं नाहीस तरी चालेल. मला एक गोष्ट कोणाला तरी सांगायची आहे आणि घरी बाबांशिवाय कोणी नाही. बाबांना पिठाच्या गिरणीच्या आवाजाने आता नीट ऐकू येत नाही.

डिसेंबरमध्ये आईचा पहिला स्मृतिदिन झाला. वंदना घेतली, खीर केली. मळ्यातल्या तानुबाई आल्या होत्या. त्यांनी तुझं विचारलं. कंपनीत सुट्टी मिळाली नाही, असं मी सांगितलं.

माझं तिसरं वर्ष संपत आलं. यंदापासून कॉलेजात चौथं वर्ष करता येतं, संशोधनाचं. त्याला लागतात तेवढे गुण मला आहेत. पण गुणांवर काम भागत नाही. एका प्राध्यापकांनी आपल्याला मार्गदर्शनाखाली घ्यावं लागतं आणि त्यांच्यासोबत प्रबंधाचा आराखडा तयार करावा लागतो. तो समितीपुढे ठेवायचा. समिती ३० मार्चला बसते. आराखडा मान्य झाला तर जूनपासून चौथं वर्ष. नाही झाला तर तीन वर्षांची पदवी घेऊन घरी. घरी म्हणजे आईच्या जागेवर, तिच्या चुलीपुढे आणि तिच्या हंड्याखाली. बाबा तसं म्हणत नाहीत, पण त्यांनी हंडा कल्हई करून माळ्यावर ठेवला नाही. तसाच हाताशी ठेवला आहे.

मला जयमाला मॅडमनी घेतलं. रसायनशास्त्राच्या आहेत, कमी बोलतात. पहिल्या दिवशी विचारलं, विषय कोणता. मी म्हटलं, पाणी. त्या म्हणाल्या, पाणी हा विषय नाही, पाणी तर नळालाही येतं, तुला पाण्याबद्दल काय माहीत करून घ्यायचं आहे? त्यांनी एक कागद दिला आणि एका वाक्यात प्रश्न लिहून आणायला सांगितलं.

मी आठ दिवस विचार करून लिहिलं, "आमच्या भागातील स्त्रिया डाळ शिजते की नाही यावरून पिण्याचे पाणी निवडतात, ही पद्धत योग्य आहे हे सिद्ध करणे." तुला आठवत असेल, आई नवीन कोणत्याही पाण्यात आधी मूठभर तुरीची डाळ टाकायची. "डाय शिजली म्हंजे पाणी चांगलं," एवढंच तिचं शास्त्र.

मॅडमनी वाक्य वाचलं आणि शेवटच्या शब्दाखाली लाल रेघ ओढली. म्हणाल्या, "याचं प्रश्नचिन्ह कुठे आहे?"

आज एवढंच.

धम्मशीला

चिखली, २ फेब्रुवारी

दादा,

मागच्या पत्राचं काही कळलं नाही. रविवारी तुझा बाबांना फोन आला होता, तेव्हा पत्राचं काही निघालं का, असं मी त्यांना विचारलं. नाही म्हणाले. ठीक आहे.

प्रश्न आता असा आहे: "डाळ लवकर शिजते ते पाणी पिण्याजोगे असते का?" तीन आठवड्यांत एवढी एकच ओळ तयार झाली. मॅडमनी ती वाचून मान हलवली, तेव्हा मला दहावीच्या निकालाएवढा आनंद झाला होता. वसतिगृहात कोणाला सांगितलं नाही.

ओळ ठरल्यावर काम सोपं झालं, निदान मला तसं वाटलं. आपल्याकडचा नकाशा घेतला. वर सोनाळ्याला डोंगराच्या पायथ्याचं पाणी गोड, आणि खाली पूर्णेकडे जावं तसतसं खारं. त्या रस्त्याने मी चोवीस विहिरी आणि हापसे निवडले. प्रत्येक ठिकाणचं पाणी दोन वेळा घ्यायचं, मे महिन्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा. प्रत्येक पाण्यात एकाच पोत्यातली पन्नास ग्रॅम डाळ एकाच भांड्यात शिजवायची, आणि दाणा बोटांत दाबला जाईपर्यंतची मिनिटं मोजायची. दुसरीकडे प्रयोगशाळेत क्षार मोजायचे. मग दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे.

आराखड्यासोबत थोडी चाचणी करून दाखवावी लागते, म्हणून सहा बाटल्या घेऊन मी गावी गेले होते. पाच बाटल्यांत पाच ठिकाणचं पाणी. सहावीत गावी गेल्यावर भरायला मॅडमनी प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी वेगळं दिलं होतं. तिला कोरी बाटली म्हणतात. ती बाकीच्यांसोबत न्यायची, सोबत आणायची आणि शेवटी तपासायची. तिच्यात काही निघता कामा नये. निघालं तर आपल्या हातून काही चुकलं आहे, असं समजायचं.

कोरी बाटली क्षार मोजायच्या मीटरवर धरली तर एकसष्ट आकडा आला. दोन-चारच्या वर यायला नको होता.

मॅडमनी विचारलं, बाटल्या कुठे धुतल्या? मी म्हटलं, इथेच, प्रयोगशाळेत. त्यांनी सहाही बाटल्यांतलं पाणी ओतून द्यायला सांगितलं.

चाळीस किलोमीटर जीपने आणि पुढे दोन एसट्या बदलून आणलेलं पाणी मी बेसिनमध्ये ओतलं.

धम्मशीला

चिखली, १० फेब्रुवारी

दादा,

बाटल्या मी घरी धुतल्या होत्या.

मॅडमनी त्या धुऊनच दिल्या होत्या. पण आईची सवय तुला माहीत आहे, दुसऱ्याकडून आलेलं भांडं आपल्या पाण्याने विसळल्याशिवाय वापरायचं नाही. मीही विसळल्या, ओट्यावर उन्हात वाळवल्या. आतून पांढरी साय धरली असणार. पण आपल्या घरी पेल्यावर, तांब्यावर, बादलीवर सगळीकडे ती असतेच, मला ती लहानपणापासून भांड्याचाच रंग वाटत आली. दिसली नाही.

दोन दिवस मी मॅडमपुढे गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले आणि सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. म्हणाल्या, "चूक होणार, म्हणूनच कोरी बाटली नेतात. तिनं तुझी चूक मला त्याच दिवशी सांगितली होती. तू कधी सांगतेस, याची मी वाट पाहत होते."

मग त्यांनी नकाशा पुढे घेतला आणि पेन्सिल टेकवून विचारलं, या तुमच्या गावाजवळ दीड किलोमीटर एकही विहीर कशी नाही? बाकी सगळीकडे तर सारखं अंतर ठेवलंस.

मी म्हटलं, तिथे एक आहे.

म्हणजे भगवानरावांच्या मळ्यातली विहीर, दादा. आईची.

मॅडमना मी सगळं सांगितलं. तुला सांगायची गरज नाही, तरी लिहिते. आजीला त्या विहिरीवर दोर टाकू देत नसत. ती काठापासून दूर हंडा ठेवून उभी राहायची, कोणी ओतलं तर ओतलं. आई लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने स्वतःचा दोर नेला आणि सरळ काठावर गेली. भगवानरावांच्या आई ओरडायला लागल्या, तर त्यांची सून तानुबाई, त्याही तेव्हा नवीनच होत्या, मध्ये येऊन म्हणाल्या, माझा कासरा तुटला, हिचा दोर मले लागते. तेव्हापासून तीस वर्षं दोघींचा दोर एक. गावात हापसे आले, टाकी झाली, तरी आई पाणी तिथलंच आणायची. डाळ त्याच पाण्यात शिजायची, हे खरंच होतं. पण ती नुसती डाळीसाठी जात नव्हती.

ती विहीर मी यादीतून का गाळली, हे मॅडमनी विचारलं नाही. मीच सांगितलं. आकडा वाईट आला तर काय, म्हणून.

आता तुझ्याकरता एक गोष्ट राहते. आईच्या मूत्रपिंडाचं दुखणं निघाल्यावर तू पाणी शुद्ध करायचं मशीन पाठवलं होतंस, ते बसवायला आलेल्या माणसाला परत पाठवलं, ते आईने सांगितलं म्हणून, असं मी तुला फोनवर म्हणाले होते. आई तेव्हा झोपली होती. तिला मशीन आल्याचं कधी कळलंच नाही. परत मी पाठवलं. मला वाटलं, तू तिच्या विहिरीला नावं ठेवतो आहेस. शहरात राहून तुला आपलं पाणी घाण वाटायला लागलं आहे. ते मशीन घरात लागलं असतं तर ती काही बोलली नसती, पण दोर खुंटीवरून काढून ठेवला असता. ते मला बघवलं नसतं.

आठ महिन्यांनी ती गेली, तेव्हा पुण्यानुमोदनाला तू सगळ्यांसमोर मला म्हणालास, "आता पाज तिले त्याच विहिरीचं पाणी." तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. सगळ्यांना वाटलं, आईचाच हट्ट होता. मी तसं वाटू दिलं.

हे पत्र बाबांना सांगू नको. त्यांना मी स्वतः सांगेन.

धम्मशीला

गावाहून, १ मार्च

दादा,

बाबांना सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, त्यांनी दोन्ही वेळा नीट ऐकलं. म्हणाले, मशीन आलं तं मले तरी सांगायचं होतं. मग जेवायला वाढ म्हणाले.

काल विहिरीवर गेले होते. या वेळी बाटल्या पिशवीतून बाहेरच काढल्या नाहीत, थेट काठावर उघडल्या. मालकाची लेखी संमती घ्यावी लागते, म्हणून भगवानरावांकडे कागद नेला होता. ते वाचत बसले, तानुबाई मागून म्हणाल्या, "काऊन व माय, आता विहिरीचंबी रक्त तपासून राह्यल्या का?" भगवानराव म्हणाले, सही करतो, पण वाईट निघालं तर गावात मळ्याचं नाव खराब होईल. तानुबाईंनी त्यांच्या हातात पेन दिला. "सिंधूनं तीस वर्स पेलं. मीबी पेऊन राह्यली. चांगलं का वाईट, मले कळू द्या की एकडाव. करा सही."

दोर त्यांनीच काढून दिला. आईचाच आहे.

मॅडम स्वतः आल्या होत्या, मलकापूरला त्यांच्या बहिणीकडे लग्न होतं, तिथून वळसा घालून. आपल्या ओट्यावर तीन चुली मांडल्या. एकीवर सोनाळ्याचं पाणी, एकीवर घरच्या हापशाचं, एकीवर विहिरीचं. बाबा घड्याळ घेऊन बसले. त्यांनी ते काम इतकं मनावर घेतलं की पंधरा मिनिटं कोणाला बोलू दिलं नाही.

विहिरीच्या पाण्यातली डाळ सव्वीस मिनिटांत शिजली. सोनाळ्याच्या पाण्यातली पस्तीस. हापशाच्या पाण्यातली पन्नास मिनिटांनंतरही दाताखाली कचकचत होती.

बाबा म्हणाले, "पाहा. तिले समजत होतं."

मग मॅडमनी मीटर धरलं. सोनाळ्याचं चारशे दहा. हापशाचं तेवीसशे. विहिरीचं एकोणीसशे चाळीस. कोरी बाटली, तीन. पिण्यासाठी पाचशेच्या आत चांगलं.

मी पुन्हा धरायला सांगितलं. पुन्हा तेच आलं.

मॅडमनी समजावलं. पाणी जड असणं वेगळं आणि खारं असणं वेगळं. जड पाण्यात डाळ शिजत नाही. पण विहिरीत दुसऱ्याच जातीचे क्षार जास्त असावेत, त्यांना डाळ अडत नाही, उलट लवकर मऊ होते. डाळीला एक गोष्ट कळते आणि दुसरी कळत नाही. म्हणजे आई जे पाहत होती ते बरोबर पाहत होती, आणि तू जे म्हणत होतास त्यातही तथ्य असावं.

मी मॅडमना विचारलं, आईचं मूत्रपिंड यानेच गेलं का? त्या लगेच म्हणाल्या, तसं म्हणता येत नाही. एका बाटलीवरून विहीर कळत नाही, आणि विहिरीवरून माणसाचं मरण तर मुळीच सांगता येत नाही, डॉक्टरही सांगू शकणार नाहीत. "हे लिहायचं नाही, मनातही लिहायचं नाही. आपला प्रश्न डाळीचा आहे आणि तेवढाच पुष्कळ मोठा आहे."

त्या गेल्यावर तानुबाईंना मी आकडा सांगितला. त्या पायरीवर बसून राहिल्या. मग विचारलं, "मंग प्यावं कोणतं?" मला सांगता आलं नाही. ते सांगता यावं म्हणून हे वर्ष मला पाहिजे आहे, दादा. जानेवारीत मला आईचं नाव करायचं होतं. आता तानुबाईंना उत्तर द्यायचं आहे.

तीनही डाळी आम्ही एकत्र करून फोडणी दिली आणि जेवलो. तुझी आठवण काढली, बाबांनीच.

यादी आता पंचवीसची आहे. ही विहीर क्रमांक एक.

धम्मशीला

चिखली, ३१ मार्च

दादा,

काल समिती झाली.

माझ्याआधी सहा जण होते. सगळ्यांचे विषय मोठे होते, नावंही मोठी. माझं नाव पुकारलं तेव्हा हातातले कागद टेबलावर ठेवले आणि न बघता बोलले.

समितीत पंजाबराव सर असतात. त्यांच्यापुढे पोरं घाबरतात. मी दोन मिनिटं बोलले नसेन, त्यांनी चष्मा काढला. "बाई, डाळ शिजवून पदवी भेटते का? मग आमच्या घरी दोन डॉक्टरेट व्हायला पाहिजे होत्या." सगळे हसले. मागच्या बाकावरचेही हसले.

मी मॅडमकडे पाहिलं. त्या कागदावर काही लिहीत होत्या, वर बघितलंच नाही.

मी म्हटलं, "सर, आमच्या गावात मीटर कोणाच्या घरी नाही. डाळ सगळ्यांच्या घरी आहे. सगळ्या बाया त्याच मीटरवर पाणी ठरवतात. ते मीटर काय सांगतं आणि काय सांगत नाही, हे मोजलेलं मला कुठे सापडलं नाही."

हसणं थांबलं. सरांनी चष्मा लावला आणि आराखडा पहिल्या पानापासून वाचायला घेतला. मग एकामागून एक विचारत गेले. डाळ एकाच पोत्यातली कशावरून? चुलीची आंच सारखी कशी ठेवणार? मी म्हटलं, चाचणी चुलीवर केली, प्रबंधासाठी प्रयोगशाळेतली शेगडी आहे. दाणा दाबणारं बोट कोणाचं? म्हटलं, तीन वेगवेगळ्या बायांचं, आणि कोणतं पाणी ते त्यांना सांगायचं नाही. कोऱ्या बाटलीचा आकडा एकदा एकसष्ट आला, तो आराखड्यात कशाला छापला? म्हटलं, माझी चूक होती, मी बाटल्या घरच्या पाण्याने धुतल्या. ती पुढे कोणाकडून होऊ नये म्हणून छापला.

मला कधी एवढं बोलताना तू पाहिलं नसशील. मीही नाही.

शेवटी ते म्हणाले, विहीर क्रमांक एकच्या पुढे मालकाचं नाव आहे आणि शेरा आहे, 'संशोधक याच पाण्यावर वाढली'. याचा अर्थ काय?

"माझ्या आईची विहीर आहे, सर. ती नाही आता."

"आणि उत्तर तिच्या विरुद्ध निघालं तर?"

"लिहीन."

सरांनी पेन काढला, सही केली आणि कागद शेजारी सरकवला. तिन्ही सह्या झाल्या. आराखडा एकही दुरुस्ती न सांगता मान्य झाला. सातांमध्ये तसा एकच.

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, चहा घे. कँटीनमध्ये बसलो. मी विचारलं, सर मला हसत होते तेव्हा तुम्ही का बोलला नाहीत? त्यांनी तो कागद दाखवला. त्यावर नुसत्या रेघोट्या होत्या. "मी बोलले असते तर आराखडा माझा झाला असता," म्हणाल्या. तेवढ्यात पंजाबराव सर आमच्या टेबलाशी आले आणि जरा हळू आवाजात म्हणाले, आमच्या बोअरच्या पाण्यात दोन वर्षांपासून डाळ शिजून नाही राहिली, एक बाटली आणून देऊ का?

मी बाबांना फोन केला. तीन वेळा सांगावं लागलं. मग ते म्हणाले, थांब, आणि गिरणी बंद केली. दळणाला आलेल्या बाया थांबून राहिल्या. मी चौथ्यांदा सांगितलं. ते पलीकडून सगळ्यांना सांगत होते, ते मला ऐकू येत होतं.

संध्याकाळी त्यांचा परत फोन आला. हंडा कल्हई करून माळ्यावर ठेवणार म्हणाले. पितळी आहे, विकायचा नाही, पण वापरायचाही नाही, तू शिक.

दादा, मी जिंकले. हा शब्द मी कधी लिहिला नव्हता.

धम्मशीला

चिखली, १६ एप्रिल

दादा,

परवा चौदा एप्रिल, कॉलेज बंद होतं. काल उघडलं तर शिपायाने सांगितलं, तुझ्या नावाचं खोकं आलं आहे, बोईसरहून.

मॅडमच्या टेबलावर ठेवून उघडलं. आत पत्र नव्हतं. बाटल्या होत्या, नवीन, प्रत्येकीवर कारखान्याची पट्टी तशीच. झाकणांवर काळ्या शाईने आकडे. अक्षर मी ओळखलं, माझ्या वह्यांना कव्हर घालून तूच नाव घालायचास. मी मोजल्या. दोनपासून पंचवीसपर्यंत आकडे होते. पहिलीच्या झाकणावर आकडा नव्हता, 'आई' लिहिलं होतं.

बाटलीवर फक्त क्रमांक टाकायचा, नाव टाकायचं नाही, असा मॅडमचा नियम आहे. त्यांनी ते झाकण बराच वेळ हातात धरलं. म्हणाल्या, "नोंदवहीत एक लिही. झाकण राहू दे."

खोक्याच्या तळाशी आणखी एक बाटली होती, सव्विसावी. तिच्यावर लिहिलं होतं, 'कोरी'.

म्हणजे तू सगळी पत्रं वाचलीस. दहा फेब्रुवारीचंही.

दहा मेला सकाळी सातला पहिल्या विहिरीवर पाणी काढायचं आहे. तानुबाई दोर घेऊन येणार आहेत. बाबा घड्याळ घेऊन येणार आहेत. दोर ओढायला एक माणूस कमी आहे.

खोकं रिकामं करून बाजूला ठेवताना झाकणाच्या आतल्या बाजूला तुझी ओळ दिसली. सोळा महिन्यांत तू मला सांगितलेली पहिली गोष्ट, "घरच्या पाण्यानं धुजो नको."

नाही धूत, दादा.

धम्मा